दहा डेसिबलांचा फरक

तीर्थपुरी,
ता. १२ एप्रिल १९५७

भालचंद्र भाऊजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

मुंबईहून निघाले ती तिसऱ्या दिवशी सकाळी इथे पोचले. जालन्यापर्यंत आगगाडी, पुढे अंबडपर्यंत मोटार आणि तिथून बाजाराला येणाऱ्या एका बैलगाडीत बसून आले. अंग आंबलं, बाकी त्रास न्हाई. शरयूने बांधून दिलेल्या दशम्या वाटेत दोन बायांसोबत खाल्ल्या. आईंच्या पायाचं लिहा. न्हाणीत पडल्यापासून त्या भिंतीला धरूनही उभ्या राहात न्हाईत, हे मी आठ दिवस डोळ्यांनी पाहिलं, म्हणून जीव लागून आहे.

कानाच्या तपासणीचा निकाल माझ्या आधीच इथे येऊन पडला होता. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी कागद समोर ठेवून लिहिते. चौपन्न साली मला विषमज्वर झाला, त्यानंतर कानात गुणगुण राहिली. म्हणून पंचावन्नच्या सप्टेंबरात हैदराबादेस तपासणी झाली. त्या कागदावर आकडा अठ्ठावीस आहे. काम करायला हरकत न्हाई असं तेव्हा लिहून आलं. आता आपण मुंबई राज्यात आलो, सगळे कागद नव्याने तपासून राह्यले, म्हणून मार्चमध्ये तुमच्याकडे येऊन पुन्हा कान दाखवले. त्या कागदावर अडतीस आहे.

आरोग्य खात्याची कचेरी लिहिते : "दीड वर्षात दहा डेसिबलांची घट. पस्तीसच्या वर आकडा गेलेल्या परिचारिकेस प्रसूतीच्या कामावर ठेवता येत नाही. अंतिम निर्णय होईपर्यंत १ जूनपासून प्रसूतीचे काम बंद ठेवावे."

भाऊजी, तुमचे दादा गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मामंजींनी चार लोकांचं बोलणं ऐकून घेतलं आणि मला सुईणपणाच्या शिक्षणाला धाडलं. मला दुसरं काही येत न्हाई. या दवाखान्यात तीन वर्षांत दोनशे सतरा बाळंतपणं केली. पोटावर लाकडी नळी टेकवून आतल्या बाळाचे ठोके ऐकायचे, यावर आमचं निम्मं काम चालतं. ते मला ऐकू येतात. पण यंत्रापुढे मी काय बोलणार?

हे डेसिबल तुमच्या कामात रोज असतं असं तुम्ही म्हणाला होतात. दहा म्हणजे थोडं की फार, तेवढं मला समजेल असं लिहा.

आईंना नमस्कार, शरयूला आशीर्वाद.

उमा


मुंबई,
ता. २० एप्रिल १९५७

ती. वहिनींस भालचंद्राचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. आईचा पाय तसाच आहे. हाड जुळायचं वय राहिलं नाही असं डॉक्टर म्हणाले. शरयूची पाठ धरली आहे, कारण आईला उचलून बसवायचं म्हणजे एकट्या बाईचं काम नव्हे.

डेसिबलचं सांगतो. हे माप शेराच्या मापासारखं नाही. दहा शेरांत दहा शेर घातले की वीस होतात. इथे दर दहा डेसिबलांना आवाजाची शक्ती दहापट होते. वीसला शंभरपट, तीसला हजारपट. आमच्या केंद्रात पुण्याकडून आलेला ट्रंक टेलिफोनचा आवाज तारेत क्षीण झालेला असतो, तो आम्ही वाढवून पुढे सोडतो. तो किती क्षीण झाला हे आम्ही डेसिबलमध्येच मोजतो. तेव्हा दहाचा फरक म्हणजे असं : जो आवाज हैदराबादला तुम्हाला जेमतेम ऐकू आला, तोच मार्चमध्ये दहापट शक्तीने सोडावा लागला. हा फरक थोडा नाही, वहिनी. खोटा धीर देण्यात अर्थ नाही.

मी चौकटीच्या कागदावर तुमचे दोन आकडे मांडून रेघ ओढून पाहिली. हाच वेग राहिला तर पुढच्या वर्षाच्या अखेरीस पन्नास होतील. साठाला समोरचं माणूस मोठ्याने बोलल्याशिवाय कळत नाही. खेड्यात, एकटीने, असे कान घेऊन कसं राहणार?

आईने, शरयूने आणि मी बोलून ठरवलं आहे की तुम्ही इकडेच यावं. इथल्या एका दवाखान्याच्या कपड्यांच्या कोठीत बाईची जागा होते आहे, मी शब्द टाकून ठेवला आहे. आणि घरात आईजवळ तुम्ही असलात तर आम्हाला दुसरं काही नको. पडदा लावून खिडकीकडची जागा तुम्हाला काढून देऊ.

आपला
भालचंद्र


तीर्थपुरी,
ता. ६ मे १९५७

भालचंद्र भाऊजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इथली म्हातारी सुईण गोजरबाई मला विचारून राह्यली, "बाई, तोंड का असं? गावाकडून काही वंगाळ आलं का?" मी तिला सांगितलं की माझे कान चालले. ती म्हणाली, "कान चालले म्हन्ता, आन् काल मागच्या दाराला मांजर आलं ते तुम्हालाच आधी कळलं की."

मांजराचं काय, यंत्रापुढे ते टिकणार न्हाई. तरी माझ्या मनात एक प्रश्न आहे. हसू नका.

आमच्याकडे ताप पाहायच्या दोन काचेच्या नळ्या आहेत. एक निजामाच्या वेळची, तिच्यात अंगाची साधारण ऊब अठ्ठ्याण्णवावर येते. दुसरी नवी, तिच्यात तीच ऊब सदतीसवर येते. मी पेशंटच्या कागदावर आकडा लिहिते तेव्हा कोणत्या नळीने पाहिलं तेही लिहिते, न्हाईतर पाहणारा घाबरून मरेल. तुम्ही म्हणता अठ्ठावीस आणि अडतीस. पण हे अठ्ठावीस कशापासून मोजलेत? दोन्ही कागद मी पुन्हा पाहिले. आकड्याच्या पुढे नुसतं डीबी एवढंच लिहिलंय. दोन्ही शहरांतलं शून्य एकच असतं का?

तुम्हाला या विषयातलं कळतं, मला न्हाई. शून्य एकच असतं असं तुम्ही म्हणालात तर मी मान्य करीन आणि दसऱ्याच्या सुमारास तिकडे येईन. आईंची सेवा माझ्या हातून घडावी हे मलाही वाटतं. फक्त एवढं बराबर पाहून सांगा.

उमा


मुंबई,
ता. १८ मे १९५७

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या साहेबांची आठवण झाली. आमच्याकडे कोणी पातळी लिहिताना नुसतं 'डीबी' लिहिलं की ते कागद टेबलावरून खाली टाकतात. म्हणतात, "राम दहा वर्षांनी मोठा! कोणापेक्षा मोठा? पुढे लिहा!" आम्हाला 'डीबीएम' असं लिहावं लागतं. शेवटचा एम म्हणजे मिलिवॅट, शक्तीचं एक ठरलेलं लहान माप. त्या मापापेक्षा एवढे डेसिबल वर किंवा खाली, असा त्याचा अर्थ. एम नसला तर तो आकडा दोन गोष्टींमधलं नुसतं अंतर सांगतो, जागा सांगत नाही. गेल्या वर्षी एका नव्या माणसाने एम गाळला, दुसऱ्याने तो आकडा भलताच समजून यंत्र फिरवलं, आणि सबंध सकाळ लोक फोनवर एकमेकांना "ओरडू नका" म्हणत होते.

पण कानाची गोष्ट निराळी. तिथे शून्य म्हणजे निरोगी माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. निरोगी कान हैदराबादेत एक आणि मुंबईत दुसरा, असं कसं होईल? म्हणून डॉक्टर लोक नुसतं डीबी लिहितात, आणि त्यात वावगं काही नाही.

तरी तुम्ही म्हणता तर ओळखीचा एक मेकॅनिक अशी यंत्रं दुरुस्त करतो, त्याला विचारून पाहतो. तुमच्या दोन्ही कागदांची नक्कल मजजवळ आहेच. कोठीतल्या जागेसाठी अर्ज मात्र आताच धाडा. सोबत नमुना जोडला आहे.

आपला
भालचंद्र


तीर्थपुरी,
ता. २० जून १९५७

भालचंद्र भाऊजींस आशीर्वाद.

अर्ज धाडला. एक तारखेपासून प्रसूतीच्या खोलीत जात न्हाई. माझ्या जागी येणारी नर्स अजून आलेली न्हाई. बाया मात्र येतच आहेत. मी दाराबाहेर स्टुलावर बसते आणि आत गोजरबाईला सांगते, हे कर, ते कर. ती आतून ओरडते, "बाई, हितं येऊन बघा की एकडाव!" मी जात न्हाई. कागदावर मनाई आहे, आणि खरं सांगायचं तर आता मलाही भ्या वाटतं. तुमच्या रेघेचा विचार येतो. कोणी हळू बोललं की वाटतं, सुरू झालं.

त्या मेकॅनिकने काय सांगितलं?

उमा


मुंबई,
ता. ३० जून १९५७

ती. वहिनींस सा. नमस्कार.

घाईत कार्ड लिहीत आहे. आईला पाठीला जखम झाली आहे, दिवसातून चार वेळा कूस बदलावी लागते. शरयू माहेरी चार दिवस गेली तर मला रजा काढावी लागली. कोठीतली जागा तुमचीच धरा, ऑक्टोबरपासून. पडद्याचं कापड आणलं. यंत्राबद्दलची चौकशी चालू आहे, कळल्यावर लिहीन. तब्येतीस जपा.

भालचंद्र


तीर्थपुरी,
ता. ४ ऑगस्ट १९५७

भालचंद्र भाऊजींस आशीर्वाद.

हे पत्र तुम्हाला का लिहिते मला ठाऊक न्हाई. इथे ज्याला सांगावं असं कोणी न्हाई म्हणून असेल.

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता धर्मराज नावाचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिचं नाव पुष्पाबाई. वीस-बावीस वर्षांची, पहिलटकरीण. नवी नर्स अजून आलेली न्हाई. गोजरबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. "बाई, मला समजंना. पोर हलंना म्हन्ती ती. तुम्ही या, कागद बिगद राहू द्या." मी आत गेले.

नळी लावली. घड्याळ हातात धरलं. आतल्या बाळाचे ठोके मिनिटाला एकशेवीस ते एकशेसाठ असतात. मला शहाण्णव भरले. पुन्हा मोजले, ब्याण्णव. एवढे कमी म्हणजे बाळ संकटात आहे, हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. पण भाऊजी, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहिते. मला वाटलं, ठोके बराबर आहेत, मधले मधले मलाच ऐकू येत न्हाईत. माझे कान दहा डेसिबलांनी गेलेत.

गोजरबाईने विचारलं, "काय म्हन्तंय, बाई?"

मी म्हटलं, "मला नीट ऐकू येईना."

पुष्पाबाई माझ्याकडे पाहून राह्यल्ती. मी तिला कुशीवर केलं, धीर दिला, आणि थांबले. अर्ध्या घंट्याने पुन्हा नळी लावली. शहात्तर, तेही विरळ. तेव्हा मात्र मी धावले. बाजारात माल उतरवायला आलेली एक ट्रक उभी होती, तिच्यात गादी टाकून आम्ही तिला अंबडला नेलं. वाटेत चिखल. दीड घंटा लागला. निम्म्या वाटेवर ट्रक थांबवून मी पुन्हा ऐकलं. काही ऐकू आलं न्हाई, आणि तेव्हाही मला माझ्या कानांचाच संशय आला.

मुलगी झाली. मेलेली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. पुष्पाबाई वाचली.

अंबडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पहिल्यांदा किती ऐकले होतेत?"

"शहाण्णव."

"मग थांबलात कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, मला वाटलं माझी मोजणी चुकली."  ते म्हणाले, अर्धा घंटा आधी निघाला असता तरी मूल वाचलंच असतं असं सांगता येत न्हाई, रस्ता असा आहे. ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, मी बहिरी आहे की न्हाई? बहिरी असते तर शहाण्णव कुठून भरले?

उमा


मुंबई,
ता. १० ऑगस्ट १९५७

ती. वहिनींस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुम्ही बहिऱ्या नाही. तुमचे कान हैदराबादेत होते तसेच आहेत. हे मला ११ जूनपासून ठाऊक आहे.

मेकॅनिकचं नाव बद्रीनाथ. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी त्याच्या कारखान्यात गेलो. दुरुस्तीला आलेली दोन यंत्रं शेजारी शेजारी होती, एक अमेरिकेत बनलेलं, एक विलायतेत. मी तुमचा प्रश्न विचारला तर तो हसला आणि म्हणाला, "बसा खोलीत." त्याने माझेच कान तपासले. अमेरिकन यंत्रावर आकडा आला पाच. दहा मिनिटांनी विलायती यंत्रावर आला पंधरा. कान तेच, खोली तीच.

त्याने कारण सांगितलं. अमेरिकेचं शून्य पूर्वीच्या एका मोठ्या पाहणीवरून ठरलेलं आहे. विलायतेत अलीकडे निवडक तरुण माणसं अगदी शांत खोलीत बसवून शून्य ठरवलं, आणि ते बरंच खाली आलं. दोघांमध्ये जवळपास दहा डेसिबलांचा फरक आहे. आणि दोन्हीकडचे लोक कागदावर लिहिताना नुसतं डीबी लिहितात. घरी येऊन मी तुमचे कागद पाहिले. हैदराबादच्या कागदाच्या तळाशी यंत्राचं नाव छापलं होतं, ते अमेरिकन. मुंबईचं विलायती. ज्याला एम गाळल्याबद्दल मी हसलो, त्याच्याहून माझी चूक मोठी. मी त्या दोन आकड्यांमधून रेघ ओढली.

ही चूक. तिची माफी मागता येईल. पुढचं मात्र चूक नव्हे.

त्याच दिवशी मी पत्र लिहायला बसलो होतो. आत आई कण्हत होती. शरयू म्हणाली, "वहिनींचं ऑक्टोबरचं नक्की आहे ना? माझ्याने आता होत नाही." मी पत्र अर्धं टाकून उठलो. मनाला सांगितलं, आठ दिवसांनी लिहू. मग सांगितलं, त्या इथे येऊन स्थिर झाल्या की सांगू, खेड्यात त्यांना तरी कोण आहे. तुमचं २० जूनचं पत्र आलं. तुम्हाला भीती वाटते असं तुम्ही लिहिलं होतं. तरीही मी ते कार्ड धाडलं. चौकशी चालू आहे, असं लिहिलं. चौकशी संपून एकोणीस दिवस झाले होते.

तुम्ही त्या खोलीत थांबलात तो अर्धा तास माझा आहे.

भालचंद्र


मुंबई,
ता. ६ सप्टेंबर १९५७

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नाही. काय केलं ते फक्त कळवतो.

बद्रीनाथकडून दोन्ही यंत्रांवरच्या माझ्या तपासणीचा तक्ता सहीनिशी घेतला. तो जोडून तुमच्या कचेरीला सविस्तर लिहिलं. ही माहिती मला ११ जूनला मिळाली होती आणि मी ती घरच्या सोयीसाठी दडवून ठेवली, हेही त्यात लिहिलं आहे. नक्कल सोबत आहे. कोठीतल्या जागेचा तुमचा अर्ज परत घेतला.

घरी सांगितलं. शरयू रडली. तिला हे ठाऊक नव्हतं, तिच्याबद्दल मनात काही आणू नका. आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला उचलून बसवायला माणूस हवं म्हणून तू तिचे कान कापलेस का रे?"  आता सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवली आहे. ते तेव्हाही जमलं असतं.

भालचंद्र


तीर्थपुरी,
ता. २० ऑक्टोबर १९५७

भालचंद्र भाऊजींस.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. उत्तर लिहायला बसले की फाडून टाकत होते, म्हणून उशीर.

तुम्ही माफी मागितलीत. ती मी ठेवून घेतली आहे. द्यायला माझ्याजवळ आज काही न्हाई. पुढे असेल की न्हाई ते मला सांगता येत न्हाई.

पण तो अर्धा घंटा सगळाच तुम्ही घेऊ नका. नळी माझ्या कानाला होती. शहाण्णव हा आकडा मी माझ्या हाताने वहीत लिहिलेला आहे. दहा वर्षांचं माझं काम एकीकडे आणि मुंबईहून आलेला एक कागद दुसरीकडे, त्यात मी कागदाला खरं मानलं. ते मला निस्तरायचं आहे.

कचेरीतून बोलावणं आलं. तिथले नवे डॉक्टर म्हणाले, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांच्या बोलण्यात खोट वाटली न्हाई. त्यांनी मला हैदराबादला त्याच जुन्या यंत्रावर परत तपासायचं ठरवलं आहे. त्यांच्या फडताळात माझ्यासारख्या आणखी सहा बायांचे कागद आहेत. त्यांतल्या दोघींना कामावरून काढलंय. एक द्वारकाबाई म्हणून आहे, शहागडची, तिला तीन लेकरं आहेत.

म्हणून तुमच्याकडे एक काम मागते. त्या कागदांवर आकड्यापुढे काय काय लिहायला पाहिजे, ते साध्या मराठीत एका पानावर लिहून पाठवा. कारकुनाला समजेल असं. आणि यावेळी जल्दी पाठवा.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या पाठीच्या जखमेसाठी गादी बदलत जा, आणि टाचांखालीही मऊ घाला, तिथेही जखम होते.

उमा


मुंबई,
ता. २४ ऑक्टोबर १९५७

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी आलं, आजच्याच टपालाने धाडतो.

पान सोबत आहे. बद्रीनाथला वाचून दाखवलं आहे. थोडक्यात असं : नुसतं 'डीबी' लिहिलेला आकडा घेऊ नये. कोणत्या शून्यापासून मोजलं ते त्याच ओळीत लिहावं, अमेरिकन की विलायती. यंत्राचं नाव आणि नंबर लिहावा. दोन तपासण्यांची तुलना एकाच शून्यावरून मोजलेली असेल तरच करावी. द्वारकाबाईंच्या आणि इतरांच्या कागदांवर यंत्राचं नाव असेल तर नकला मला पाठवायला सांगा, मी आणि बद्रीनाथ बसून एकेक पाहू.

टाचांखाली मऊ घातलं. एका टाचेला खरोखरच लाली आली होती.

भालचंद्र


तीर्थपुरी,
ता. १८ जानेवारी १९५८

भालचंद्र भाऊजींस आशीर्वाद.

हैदराबादचा आकडा आला. एकोणतीस, अमेरिकन शून्यापासून, असं त्यांनी स्पष्ट लिहून दिलं आहे. एकाचा फरक डॉक्टर धरत न्हाईत. एक तारखेपासून मी पुन्हा कामावर आहे. दर वर्षी त्याच यंत्रावर तपासणी करायची, या अटीवर. ते योग्यच आहे. म्हातारपणी कान जातील तेव्हा जातील. म्हणून झुंबरबाई नावाच्या, गावातल्याच एका तरतरीत सुनेला मी नळी लावून मोजायला शिकवून राह्यले. दर वेळी आम्ही दोघी वेगवेगळं मोजतो आणि मग आकडे सांगतो. द्वारकाबाईही कामावर गेली. तुम्ही दोघांनी पाहिलेल्या कागदांचा तिला उपयोग झाला, तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तो मी लिहून टाकला, कारण तो तुमचा आहे.

खरं पत्र पुढे आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी पुष्पाबाईच्या वस्तीवर गेले. जावं की जाऊ नये, यात पाच महिने गेले होते. ती अंगणात तूर झोडपून राह्यल्ती. मला पाहून थांबली, पण बसा म्हणाली न्हाई. मी उभ्यानेच सांगितलं. कागद चुकीचा वाचला गेला, माझे कान चांगले होते, त्या दिवशी मला बराबर ऐकू आलं होतं, आणि मी ते खरं धरलं न्हाई. तुमचं नाव काढलं न्हाई. ते तिच्या कामाचं न्हाई.

ती खाली पाहात होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं.

मग तिने विचारलं, "म्हंजी तुम्हाला ऐकू आल्तं?"

"हो."

"मी आल्ते तवा जित्ती व्हती ती?"

"हो. जिवंत होती."

"दुसऱ्या कुनाला ऐकू आलं का?"

"न्हाई. मलाच."

तिने हातातली काठी खाली ठेवली. "मला तर कुनीच काही सांगितलं न्हाई, बाई. समदे म्हन्ले, मेलेलीच झाली, इसरून जा. तोंड सुदिक दावलं न्हाई." ती जवळ आली. "कसं वाजत व्हतं, सांगा की."

 मंग मी तिला घेऊन खाली बसले, तिचा हात हातात घेतला, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं, आणि तिच्या मनगटावर एका बोटाने ठोके दिले. शहाण्णव. मिनिटभर. ती डोळे मिटून बसल्ती.

"अजून," ती म्हणाली.

मी आणखी एक मिनिट दिलं. नंतर ती उठली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि पुन्हा तुरीजवळ जाऊन बसली. मला जा म्हणाली न्हाई, ये म्हणाली न्हाई. मी पाणी प्यायले आणि निघाले.

कुंपणापाशी वळून पाहिलं. ती काठी न उचलता बसली होती आणि स्वतःच्या मनगटावर बोटाने मोजून राह्यल्ती. मी दाखवलं होतं त्यापेक्षा जल्दी. चांगल्या, धडधाकट लेकराचे असतात तसे. मी तिला दुरुस्त केलं न्हाई.

उमा